विसिल मामी

विसिल मामी दोन बोटं तोंडात घालून शिटी मारायच्या, तेव्हा मैलापूरच्या आमच्या गल्लीतले कावळे एकदम उडायचे आणि तिसऱ्या मजल्यावर मी उशीत तोंड खुपसून त्यांच्या नावाने चरफडायचे. गल्लीतल्या मुलींना मैदानावर खेळायला बोलवायची ती शिटी. वेळ सकाळी पावणेसहाची, वार कोणताही. वय अडुसष्ट, अंगावर सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि शिटी अशी की विचारू नका. चेन्नईत बसचे कंडक्टर शिटी मारून बस थांबवतात. एकदा मामींच्या शिटीने कोपऱ्यावरची बस खरोखरच थांबली आणि ड्रायव्हर तावातावाने खाली उतरला. मामी त्याला म्हणाल्या, "दिवसभर बसून असतोस. उतरलास, बरं झालं. आतां दोन पावलं चाल." तो बिचारा निघून गेला.

त्या मुलींच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं, पण गल्लीतल्या पोरांनी त्यांना मामी करून टाकलं होतं. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, तमिळच्या चालीवर हेलकावणारं. 'आहे'ला 'अहे', 'मला'ला 'मज', आणि राग आला की सरळ तमिळ. आम्ही नाशिकहून नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे आलो, तेव्हा परक्या शहरात तळमजल्यावर मराठी बोलणारं माणूस सापडलं म्हणून मला कोण आनंद झाला होता. तो आनंद फार तर आठवडाभर टिकला.

आमची मुक्ता तेव्हा पाचवीत होती. आली तेव्हा नुसती वारं प्यालेली. जिन्यावरून चालत उतरली असेल तर शपथ. आणि आठवीत जाईपर्यंत तीच मुलगी पलंगावर आडवी झाली ती झालीच. शाळेतून आली की आडवी, ट्यूशनहून आली की आडवी, हातात मोबाईल, कानात ती दोन बोंडं. मी काय काय नाही केलं! दोरीच्या उड्यांची दोरी आणली, योगाचा क्लास लावला, एसी असलेल्या जिममध्ये नाव घातलं. शेवटी पावलं मोजणारं घड्याळ आणून तिच्या मनगटावर बांधलं. ते घड्याळ एक दिवस शेजारच्या दीड वर्षाच्या बाळाच्या पायात सापडलं. त्या दिवशी मुक्ताची पावलं भरपूर झाली होती.

मी हे रडगाणं मामींपुढे गायले, ही माझी पहिली चूक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरं आळशी नसतात, मुक्ताअम्मा. कोणीतरी त्यांना बसवलेलं असतं. कोणी बसवलं तें शोध." मी म्हटलं, "मोबाईलने बसवलंय." त्या हसल्या. "मोबाईल तर बसल्यावर हातात येतो. आधी कोणी बसवलं?" असलं काही बोलून त्या बूट वाजवत निघून जायच्या आणि माझा अख्खा दिवस खराब व्हायचा.

त्यांना काही शब्दांचा भयंकर तिटकारा होता. एकदा मी जिन्यात मुक्ताला म्हणाले, "जरा हाल, किती जाड व्हायला लागलीयेस." खालून मामींचा आवाज आला, "वजन भाजीवाल्याला विचार! मुलीला विचारायचं, आज खेळून मजा आली कां." त्यांच्या मुलींमध्ये कुणी 'बारीक व्हायचंय' म्हणालं, तरी त्या चेंडू काखेत मारून खेळ थांबवायच्या. "बारीक व्हायचं तर घरी जा. इथे चेंडू झेलायचा अहे." मला ते पटायचं नाही. आरोग्याचं सांगायचं नाही, तर मग सांगायचं काय?

मुली गोळा करायची त्यांची रीत म्हणजे निव्वळ छळ होता. एखादी येईनाशी झाली की मामी तिच्या दारात. आत येऊन बसणार, कॉफी पिणार आणि कारण सापडेपर्यंत उठणार नाहीत. दुसऱ्या मजल्यावरची एक येत नव्हती, कारण तिची जिवलग मैत्रीण यायची थांबली होती. मामींनी आधी ती मैत्रीण परत आणली. "एकटी मुलगी येत नाही. दोघी येतात," हे त्यांचं गणित. आणखी एक येत नव्हती, कारण महापालिकेच्या मैदानावर बाथरूमच नव्हतं. मामींनी मैदानासमोरच्या घराची बेल वाजवली आणि तिथल्या आजींना सांगितलं, की संध्याकाळी मुली तुमच्याकडे येतील, नाही म्हणायचं नाही. त्या आजीही अशा दबल्या की त्यांनी दारात साबण ठेवला.

मैदान तरी कुठे रिकामं होतं? तिथे दाढी-मिशा फुटलेले मुलगे क्रिकेट खेळायचे, आणि मुली भिंतीला लागून उभ्या. एका संध्याकाळी मामींनी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि पिचच्या मधोमध टाकून बसल्या. मुलगे ओरडले, विनवण्या झाल्या, कुणाच्या तरी वडिलांना बोलावलं गेलं. मामींनी छत्री उघडली. तिसऱ्या दिवशी तह झाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अर्धं मैदान मुलींचं. थ्रोबॉलची जाळी लागली. मी बाल्कनीतून हे सगळं बघत होते आणि नवऱ्याला म्हणत होते, "या बाईला दुसरं काही काम नाही का?"

मुक्ता मात्र जात नव्हती. मामी दार वाजवायच्या, मुक्ता पांघरूण डोक्यावर घ्यायची, आणि दोघींच्या मध्ये मी. मामी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आई सोफ्यावर आणि मुलगी ग्राउंडवर? असं कोठे होतं?" मी स्वयंपाक करते, बाजार करते, दुपारी घरी बसून भाषांतराची कामं करते, मला सोफ्यावर बसलेली यांनी बघितली कधी? पण हे बोलण्याइतकी फट त्या ठेवतील तर ना.

मग एकदा शनिवारी मुक्ता "मामींकडे जाते" म्हणाली आणि चार तासांनी परत आली. हातात टी. नगरच्या दुकानाची पिशवी. मी उघडून बघितली. आत खेळताना घालायच्या तीन स्पोर्ट्स ब्रा आणि गडद रंगाचे दोन सैल टी-शर्ट. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच खाली उतरले. मामी कॉफीसाठी दूध तापवत होत्या.

"मामी, तुम्ही मला न विचारता मुक्ताला दुकानात नेलंत?"

"तिला विचारून नेलं."

"आणि मला?"

"तुला नाही विचारलं."

"तेच म्हणतेय मी! हे काय तुमचं काम आहे?"

"नाही. तुझं काम अहे," मामी दुधावरची नजर न काढता म्हणाल्या. "दोन वर्षं वाट बघितली. मुलगी वाढली, पळताना दुखतं तिला, लाज वाटते. पुस्तकं छातीशी धरून चालते. तुज दिसलं नाही?"

दिसलं होतं. सगळ्याच मुली तशा चालतात असं मला वाटलं होतं. पण मी ते कबूल कशाला करेन? मी म्हणाले, "तुम्हाला स्वतःचं मूल असतं ना, तर कळलं असतं आईला काय वाटतं ते."

दूध उतू गेलं. मामींनी गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं. मग म्हणाल्या, "शरी." म्हणजे, ठीक आहे. आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

वर येऊन मी मुक्ताला बजावलं, की पुन्हा मामींच्या घरी जायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शिटी झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामी मुलींना घेऊन मैदानावर जायच्या, पण आमच्या इमारतीखाली थांबायच्या नाहीत. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी तडफडत होते, ती मिळाली होती. आणि पावणेसहाला माझे डोळे आपोआप उघडत होते. याचाही मला रागच यायचा.

पिशवी मुक्ताच्या कपाटात तशीच पडून राहिली. तीन आठवड्यांनी कपाट आवरताना ती हाती लागली आणि माझा बांध फुटला. मी तिच्या हातातला मोबाईल काढून घेतला. "आज मला सांगच. तू खेळणं का सोडलंस? मैदान आहे, मुली आहेत, आता कपडेही आहेत. कुणी अडवलंय तुला?"

ती भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "तू."

"मी?"

"सेव्हन्थमध्ये. आम्ही खाली पकडापकडी खेळत होतो. तू बाल्कनीतून ओरडलीस, मुक्ता, वर ये, पळू नकोस अशी, मोठी झालीस, कसं दिसतं ते! मी वर बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. वॉचमन अंकल, इस्त्रीवाला, समोरच्या घरातले अंकल, सगळे माझ्याकडे बघत होते. आई, त्याच्या आधी कुणीच बघत नव्हतं. तू सांगितल्यावर बघायला लागले."

खरं सांगते, मला ते वाक्य आठवतही नव्हतं. अजूनही आठवत नाही. कुकरची शिटी मोजता मोजता, एक हात ओला असताना म्हटलं असेल. माझी आई मला म्हणाली असेल, तसंच मीही म्हटलं असेल. आणि ते वाक्य माझी मुलगी दोन वर्षं अंगावर वागवत होती. शाळेत पी.टी.च्या तासाला ती दर आठवड्याला पोटदुखीचं कारण सांगत होती आणि तिच्या टीचर ते मान्य करत होत्या. नाही तरी त्या तासाला बऱ्याचदा गणित व्हायचं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी खाली गेले. मामी पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होत्या.

"मामी, माझं चुकलं."

"बूट घालून ये."

"मी काय म्हणते, त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"बूट घालून ये, मग बोल."

"माझ्याकडे बूट नाहीत."

मामींनी नाडी तशीच सोडली आणि माझ्या चपलांकडे बघितलं. "दोन वर्षं मुलीला हाल, चाल म्हणतेस. आणि घरांत तुझे बूट नाहीत?" माफी मागायला आलेल्या माणसाशी कुणी असं बोलतं का? मी रागारागाने वर गेले, नवऱ्याचे बूट पायात घातले, पुढे कापूस कोंबला आणि खाली आले. मागून जिन्यात पावलं वाजली. मुक्ता गडद निळा टी-शर्ट घालून येत होती. मला बघून ती थबकली आणि माझ्या पायांकडे बघून इतकी हसली, की तिला कठडा धरावा लागला.

त्यानंतरचं सगळं छान झालं असं समजू नका. मुक्ता आठवड्यातून तीनदा जायची आणि तीनदा नाही. पहिल्या महिन्यात तिने जाळीपलीकडे एकही चेंडू टाकला नसेल. मी तर चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचे, आणि मामी भर मैदानात ओरडायच्या, "मुक्ताअम्मा, चेंडू अहे, साप नव्हे!" हळूहळू आणखी चार आया आल्या. आया विरुद्ध मुली असा सामना व्हायला लागला आणि दर वेळी आम्ही हरायचो. मुक्ताला मला हरवायला इतकं आवडायला लागलं, की मी दमले म्हटलं तर तीच मला ओढत न्यायची. दहावीच्या वर्षी मी पुन्हा माती खाल्ली. हे वर्ष महत्त्वाचं आहे, खेळ बंद, असं जाहीर केलं. मामी तिन्ही मजले चढून आल्या. "अभ्यास डोक्याने होतो. पाय तेव्हा रिकामेच असतात," एवढंच सांगून कॉफी न पिता उतरल्या. खेळ बंद झाला नाही. मार्क आले ते आले.

त्या दहावीच्या सुट्टीत मामींनी मुलींना पहाटेच्या बसने चेन्नईजवळच्या कोवलमला नेलं आणि सोबत मलाही ओढलं. मासे उतरवलेल्या होड्यांच्या कडेने, ओल्या वाळूत मुली पळत सुटल्या. आम्ही दोघी वाळूत बसलो. मासळीचा वास, डोळ्यावर ऊन, बुटात वाळू. मला कुणीतरी सांगा, सुट्टीत माणसाने हे का करावं? पण तिथे, समुद्राकडे बघत मी ते काढलंच. "मामी, मी त्या दिवशी मुलाबाळावरून बोलले. ते बोलायला नको होतं."

मामींनी बुटातली वाळू झटकली. "मज मूल असतं, तर मीही बाल्कनीतूनच ओरडले असते."

मला समजायला क्षणभर लागलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मुक्ताने सांगितलं होतं?"

"ती बसली, त्याच वर्षी."

"मग मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला इतकं बोलले, तेव्हा तरी तोंडावर फेकायचं होतं!"

"तिनं मज विश्वासानं सांगितलेलं," मामी म्हणाल्या. "तें तुझ्यावर फेकायला कां माझं अहे?"

मग त्या उठल्या आणि कुणीतरी होडीच्या दोरीत अडकेल म्हणून मुलींवर ओरडायला गेल्या.

मुक्ता बारावीत असताना मामी बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वॉकरशिवाय उभं राहता येईना. तंजावरहून भाचा आला आणि त्याने त्यांना न्यायचं ठरवलं. मामी भाच्याशी भांडल्या, डॉक्टरांशी भांडल्या, वॉकरशी भांडल्या. निघायच्या दिवशी गाडीभोवती चौदा-पंधरा मुली उभ्या होत्या आणि सगळ्या रडत होत्या. मला वाटलं, आता तरी ही बाई दोन गोड शब्द बोलेल. काच खाली झाली. "चेंडूत हवा कमी अहे," मामी मला म्हणाल्या. "आणि गुरुवार सोडू नोकोस. गुरुवार सोडलास तर पोरं शनिवारही घेतील." गाडी गेली. मी मुलींकडे बघितलं, मुलींनी माझ्याकडे बघितलं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून हे लोढणं माझ्या गळ्यात आहे. मला खेळ येत नाही, शिटी येत नाही, माझं तमिळ ऐकून मुली हसतात. कॉलेज, कोचिंग, लग्न, यांत जुन्या मुलींपैकी बहुतेक गळाल्या. नव्या आठवीतल्या आल्या आहेत, त्यांची कारणंही नवी. एकीला फोटोत आपण घामट दिसू अशी भीती वाटते. मी त्यांच्या घरी जाऊन बसते, कॉफी पिते आणि मनातून मामींवर चिडते.

मुक्ता कॉलेजसाठी त्रिचीला गेली. तिथून तंजावर बसने तास-दीड तास. ती रविवारी मधूनमधून मामींकडे जायची. एकदा तिथून मला फोन आला. मामींनी पलंगावर पडल्या पडल्या भाच्याच्या बायकोला अंगणात फेऱ्या मारायला लावलं होतं, ती वैतागली होती, आणि मुक्ता तिची समजूत घालत होती. "तुझ्याकडून शिकलेय," मुक्ता मला म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी भाच्याचा फोन आला. झोपेतच गेल्या. मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले. मग मुक्ताला फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, जसं आलं तसं सांगितलं. मग ती म्हणाली, "आई, मी नंतर बोलते," आणि फोन बंद केला.

मी सतरा वेळा मोबाईल बघितला. रूममध्ये एकटीच पडून असेल, काही खाल्लं नसेल, त्रिचीची पुढची गाडी किती वाजता आहे, असे सगळे विचार करून झाले. तासाभराने तिचा फोन आला. धाप लागलेली, शब्द तुटत होते.

"कुठे होतीस तू?" मी ओरडलेच.

"ग्राउंडवर. पळत होते."

"तासभर? एकटी? किती पळालीस?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "रडू थांबेपर्यंत."